जमिनीखालची वीज भूकंप सांगेल काय?

पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावर करकंब हे गाव लागते. भूकंपाच्या इतिहासात नोंद व्हावी असे या गावात काही घडलेले नाही. मात्र नकाशा पुढ्यात घेऊन मोजपट्टी लावली, तर त्याचे स्थान विचार करायला लावते. सरळ रेषेत पूर्वेला सुमारे १३५ किलोमीटरवर किल्लारी आहे आणि पश्चिमेला सुमारे १७० किलोमीटरवर कोयनानगर. स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातील दोन सर्वांत विध्वंसक भूकंप या दोन ठिकाणी झाले. त्यांच्या मधल्या पट्ट्यात करकंबसारखी शेकडो गावे त्याच काळ्या कातळावर वसलेली आहेत. ३ एप्रिल २०२५ रोजी सोलापूर जिल्ह्यात सांगोला परिसरात २.६ रिश्टर तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. त्याआधी २०२४ मध्ये मार्च आणि जुलै अशा दोन महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले. असे काही घडले, की एकच प्रश्न पुन्हा पुढे येतो. हे आधी कळू शकत नाही का?

या प्रश्नाला जी अनेक उत्तरे दिली जातात, त्यांत एक उत्तर इतरांपेक्षा वेगळे आहे. ग्रहताऱ्यांच्या युतीवरून वा प्राण्यांच्या वागण्यावरून केलेल्या भाकितांसारखे ते केवळ श्रद्धेवर उभे नाही. त्याला भौतिकशास्त्राचा आधार आहे. भूकंपापूर्वी खडकांवर प्रचंड ताण येतो, ताणामुळे खडकांत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडच्या साह्याने ते टिपता येतात, असा हा सिद्धान्त आहे. गेली चाळीसहून अधिक वर्षे जगातील नामवंत शास्त्रज्ञ या विषयावर हिरिरीने वाद घालत आहेत. तो वाद आपल्याही दाराशी येऊन ठेपलेला असल्याने त्यात तथ्य किती आणि आपण त्यावर विसंबावे किती, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

पाणाड्याचे यंत्र आणि भूकंपाचे यंत्र

जमिनीत वीज सोडून खालचा अंदाज घेण्याची रीत सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला नवी नाही. उन्हाळ्यात विहिरी आटल्या, की बोअर मारण्याआधी पाणी पाहणाऱ्याला बोलावले जाते. कोणी हातावर नारळ घेऊन शेतात फिरतो, तर कोणी यंत्र आणतो. या यंत्रात चार लोखंडी सळया एका रेषेत जमिनीत ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सळयांमधला विद्युतदाब मोजायचा. ओला, भेगाळलेला खडक विजेला कमी अडवतो आणि कोरडा, सलग कातळ जास्त. या फरकावरून पाणी कोठे लागण्याची शक्यता आहे, याचे अनुमान बांधले जाते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही विद्युतरोधाच्या याच तत्त्वाचा वापर करते.

पद्धत शास्त्रीय असूनही कित्येक बोअर कोरडे जातात, हेही शेतकऱ्याला ठाऊक असते. येथे शोधायची वस्तू काही शे फुटांवर आहे, ती एका जागी स्थिर आहे आणि विजेचा प्रवाह आपण स्वतः सोडलेला आहे. भूकंपाच्या बाबतीत या तिन्ही सोयी नाहीत. खडक फुटणार तो अनेक किलोमीटर खोलवर. कोठे फुटणार ते माहीत नाही. आणि प्रवाह आपण सोडलेला नसून तो खडकाने स्वतः निर्माण करावा, अशी अपेक्षा आहे. पाण्याच्या यंत्राचे गणित सरळ आहे. भूकंपाच्या यंत्राचे गणित अवघड होते ते येथून.

खडकात वीज येते कोठून?

या गणिताचे, म्हणजेच शास्त्रज्ञ ज्याला मॉडेल म्हणतात त्याचे, तीन भाग पडतात. वीज निर्माण कशी होते, ती जमिनीतून प्रवास कसा करते आणि पृष्ठभागावर टिपली कशी जाते.

पहिल्या भागाविषयी प्रयोगशाळेत बरीच माहिती जमा झाली आहे. क्वार्ट्झ म्हणजे गारेचा स्फटिक दाबला, की त्याच्या दोन टोकांना विद्युतभार तयार होतो. आपल्या पायाखालच्या बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ फारसा नसतो. पण बेसाल्टच्या तळाशी असलेल्या ग्रॅनाइट-नाइस जातीच्या प्राचीन खडकात तो असतो. किल्लारीला राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने भूकंपानंतर ६१७ मीटर खोल विवर खणले, तेव्हा बेसाल्टचा थर ३३८ मीटरवर संपला. म्हणजे या पट्ट्यातला भूकंप ज्या खडकात होतो, तो वरच्या काळ्या कातळाखालचा खडक आहे. तथापि खडकातील असंख्य स्फटिकांची तोंडे असंख्य दिशांना असतात. त्यामुळे एकाचा भार दुसऱ्याच्या भाराने निष्प्रभ होतो आणि एकत्रित परिणाम नगण्य उरतो.

दुसरी प्रक्रिया पाण्याची. खडकातील भेगांमधून क्षारयुक्त पाणी वाहते तेव्हा ते आपल्याबरोबर विद्युतभारही वाहून नेते. ताणामुळे भेगा उघडल्या वा मिटल्या, की पाण्याचा दाब बदलतो, पाणी हलते आणि त्याबरोबर अल्प विद्युतप्रवाह वाहू लागतो. बहुसंख्य अभ्यासकांना ही प्रक्रिया अधिक संभाव्य वाटते. तिसरी प्रक्रिया स्फटिकांच्या अंतर्रचनेतील दोषांशी निगडित आहे. अथेन्स विद्यापीठाचे पानायोटिस वारोत्सोस आणि त्यांचे सहकारी यांच्या मते, ताण एका विशिष्ट मर्यादेपर्यंत पोहोचला की स्फटिकांतील विद्युत-द्विध्रुव एकाएकी एका दिशेला वळतात आणि त्यातून क्षणिक प्रवाह निर्माण होतो. फ्रीडेमान फ्रॉइंड या शास्त्रज्ञाने ग्रॅनाइटसारख्या अग्निजन्य खडकांवर दाब देऊन त्यांतून प्रवाह वाहताना दाखवला आहे.

खडकात वीज निर्माण होते, याविषयी त्यामुळे वाद नाही. ती दहा किलोमीटर खोलीवरून, शंभर किलोमीटर अंतरावर, ओळखू येईल अशा स्वरूपात पोहोचते का, हा खरा वाद आहे.

ग्रीसचा प्रयोग

फेब्रुवारी १९८१ मध्ये ग्रीसमध्ये कोरिंथच्या आखातात मोठा भूकंप झाला. त्यानंतर वारोत्सोस, अलेक्सोपौलोस आणि नोमिकोस या तिघांनी जमिनीतील विद्युतदाब सातत्याने मोजण्याची केंद्रे उभारायला प्रारंभ केला. तिघांच्या आद्याक्षरांवरून ही पद्धत ‘व्हॅन’ नावाने प्रसिद्ध झाली. जमिनीत इलेक्ट्रोडच्या जोड्या पुरायच्या, काही जोड्यांत पन्नास-शंभर मीटरचे अंतर ठेवायचे, काहींत काही किलोमीटरचे. दुरून आलेला संकेत खरा असेल, तर जोडीतील अंतर दुप्पट झाल्यावर विद्युतदाबही दुप्पट भरला पाहिजे. जवळच्या पंपाचा वा तारेचा गोंधळ असेल, तर हे प्रमाण बिघडते. खरेखोटे ओळखण्याची ही कसोटी साधी होती आणि चतुरही.

हे संकेत किती क्षीण असतात? एका किलोमीटर अंतरात सुमारे दहा मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा शंभरावा भाग. बॅटरीतील साधा सेल दीड व्होल्टचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे कल्पना येईल. अशा संकेतांच्या आधारे या गटाने अनेक भाकिते केली, तार पाठवून ती आधी नोंदवून ठेवली आणि त्यांतील बरीच खरी ठरल्याचा दावा केला. जपानचे ज्येष्ठ भूभौतिकशास्त्रज्ञ सेइया उयेदा यांच्यासारखे समर्थकही त्यांना लाभले.

परंतु आक्षेपही तितकेच तीव्र होते. १९९६ मध्ये ‘जिओफिजिकल रिसर्च लेटर्स’ या प्रतिष्ठित नियतकालिकाने संपूर्ण विशेषांक या एकाच वादाला वाहिला. टीकाकारांचे मुद्दे सामान्य वाचकालाही समजण्यासारखे आहेत.

पहिला मुद्दा अंतराचा. विद्युत-द्विध्रुवाचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले तर संकेत आठपटींनी क्षीण होतो आणि दसपट झाले तर हजारपटींनी. शंभर किलोमीटरवरून संकेत येतो म्हणायचे, तर उगमापाशी तो अतिप्रचंड असला पाहिजे किंवा जमिनीत विजेला वाट करून देणारी एखादी ओली, वाहक पट्टी असली पाहिजे. व्हॅन गटाने अशा पट्टीचाच आधार घेतला. काही जागा संवेदनशील असतात, काही नसतात आणि एखादे केंद्र ठराविक प्रदेशातीलच भूकंपांचे संकेत टिपते, असे त्यांचे म्हणणे. हे अशक्य नाही; पण त्यामुळे फसलेल्या प्रत्येक भाकितासाठी सबब तयार राहते, अशी टीका झाली.

दुसरा मुद्दा अधिक मर्मावर बोट ठेवणारा आहे. खडकावरील ताणामुळे वीज निर्माण होत असेल, तर खडक प्रत्यक्ष फुटतो त्या क्षणी ताण सर्वाधिक झपाट्याने बदलतो. मग संकेत भूकंपाच्या काही दिवस आधी मिळतो आणि भूकंपाच्या क्षणी त्याहून मोठा संकेत मिळत नाही, हे कसे? याचे सर्वमान्य उत्तर मिळालेले नाही.

तिसरा मुद्दा योगायोगाचा. व्हॅनच्या भाकितांत स्थानासाठी सुमारे शंभर किलोमीटरची आणि तीव्रतेसाठी ०.७ रिश्टरची सूट धरली जात असे. ०.७ हा आकडा दिसायला लहान आहे. पण तेवढ्या फरकाने भूकंपातील ऊर्जा सुमारे अकरा पटींनी बदलते. ग्रीस हा युरोपातील सर्वाधिक भूकंपप्रवण देश. तेथे एवढी सूट घेऊन केलेली भाकिते काही प्रमाणात नुसत्या योगायोगानेही खरी ठरणारच. मग खऱ्या ठरलेल्या भाकितांतील किती संकेतांमुळे आणि किती योगायोगाने, याचा हिशेब मांडताना दोन्ही पक्षांचे आकडे कधीच जुळले नाहीत.

गोंगाटात हरवलेला आवाज

याहूनही मोठी अडचण आहे ती माणसाने निर्माण केलेल्या विजेच्या गोंगाटाची. ती समजून घ्यायला ग्रीसला जाण्याची गरज नाही. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. शहरात विजेवरील ट्राम धावणार असे ठरले, तेव्हा तिच्या प्रवाहांमुळे या नोंदी बिघडतील हे ओळखून नानाभॉय मूस यांनी ही चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईतील ट्रामने शास्त्रज्ञांना समुद्रापलीकडे जायला लावले, तर आजच्या ग्रामीण महाराष्ट्राची काय कथा?

करकंबच्या शिवारात इलेक्ट्रोड पुरले, असे क्षणभर गृहीत धरू. आजूबाजूच्या प्रत्येक विहिरीवर आणि बोअरवर विजेची मोटार आहे. वीजपुरवठा पाळीपाळीने होत असल्याने शेकडो मोटारी एकाच वेळी सुरू होतात आणि एकाच वेळी बंद पडतात. रोहित्रांचे अर्थिंग जमिनीत उतरवलेले आहे. विजेवर धावणाऱ्या रेल्वेगाड्या, साखर कारखाने, मोबाइलचे मनोरे आहेतच. पाऊस पडला किंवा उसाला पाणी सोडले, की मातीचा ओलावा बदलतो आणि इलेक्ट्रोडवरील दाबही बदलतो. भरीस भर म्हणजे सूर्यावरील उलथापालथींमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारे चढउतार जमिनीत स्वतःचे प्रवाह निर्माण करतात. या साऱ्या कोलाहलातून व्होल्टचा शंभरावा भाग वेगळा काढायचा आहे.

हा धोका काल्पनिक नाही. १३ मे १९९५ रोजी उत्तर ग्रीसमध्ये ६.६ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच्या भाकिताला आयोनिना येथील केंद्रावरील संकेतांचा आधार होता. हे व्हॅन पद्धतीचे मोठे यश मानले गेले. १९९८ मध्ये फ्रेंच आणि ग्रीक संशोधकांनी त्या परिसरातील विद्युत गोंगाटाचा अभ्यास करून असे संकेत मानवनिर्मित यंत्रणांतून उद्भवणे शक्य असल्याचे मांडले. व्हॅन गटाने ते मान्य केले नाही. कॅलिफोर्नियातही असेच घडले. १७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रीएटा भूकंपापूर्वी केंद्रबिंदूपासून अवघ्या सात किलोमीटरवरील यंत्राने चुंबकीय क्षेत्रातील असाधारण चढउतार नोंदले होते. वीस वर्षे हे उदाहरण पाठ्यपुस्तकासारखे सांगितले गेले. २००९ मध्ये दोन स्वतंत्र फेरतपासण्यांनी त्यावर गंभीर शंका उपस्थित केली. एकीचा रोख यंत्रातील बिघाडाकडे होता, तर दुसरीचा पृथ्वीव्यापी चुंबकीय हालचालींकडे.

पार्कफिल्डचा अनुभव तर याहून बोलका. कॅलिफोर्नियातील या लहानशा गावाजवळ १९९३ पूर्वी सहा तीव्रतेचा भूकंप होईल, असा अंदाज अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये वर्तवला आणि तेथे सर्व प्रकारची यंत्रे मांडली. त्यांत जमिनीतील विद्युतदाब मोजणारी यंत्रणाही होती. भूकंप झाला तो २८ सप्टेंबर २००४ रोजी. एवढी यंत्रे डोळ्यांत तेल घालून बसलेली असूनही त्यांना स्पष्ट पूर्वसंकेत सापडला नाही.

जेथे कसोटी शक्य, तेथे कोयना

महाराष्ट्राच्या दृष्टीने या वादाचा एक पैलू फारसा चर्चिला जात नाही. कोणतेही मॉडेल खरे की खोटे, हे ठरवायला ते वारंवार तपासून पाहावे लागते. तपासण्यासाठी भूकंप वारंवार व्हावे लागतात. अशी जागा आपल्याकडे आहे आणि ती म्हणजे कोयना.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. शिवाजीसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले होते. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे जगातील ठळक उदाहरण म्हणून कोयनेचा अभ्यास तेव्हापासून होत आहे. चारपेक्षा अधिक तीव्रतेचे दोनशेहून जास्त आणि पाचपेक्षा अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त धक्के या परिसरात नोंदले गेले असून, ते सारे सुमारे वीस किलोमीटर रुंद आणि तीस किलोमीटर लांब अशा आटोपशीर क्षेत्रात झाले आहेत. म्हणूनच केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडजवळ हजारमाची येथे संशोधन प्रयोगशाळा उभारली. २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विवर पूर्ण झाले. तेथे सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट आणि त्याखाली अब्जावधी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइटसदृश खडक लागला. एवढ्या खोलीवरही पाणी आढळले. विजेच्या मॉडेलमधील दुसरी प्रक्रिया, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारा विद्युतभार, तपासायला याहून योग्य स्थळ क्वचितच मिळेल. भूकंपाच्या मुळाशी जाऊन यंत्र ठेवल्यास पृष्ठभागावरच्या मोटारींचा गोंगाटही बराच टाळता येईल.

कोयनेने भाकिताच्या बाबतीत मर्यादित यशही दाखवले आहे. मे २००६ मध्ये राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चारच्या आसपास तीव्रतेचा धक्का नजीकच्या काळात बसेल, असे आधी नोंदवून ठेवले आणि काही दिवसांतच ४.२ तीव्रतेचा धक्का बसला. या भाकिताचा आधार मात्र वीज नव्हती. मोठ्या धक्क्यापूर्वी सूक्ष्म धक्के एका विशिष्ट क्रमाने एकवटतात, हे निरीक्षण त्यामागे होते. आणि येथेही योगायोगाचा प्रश्न सुटत नाही. जेथे चार तीव्रतेचे धक्के वर्षाला सरासरी तीन-चार बसतात, तेथे पुरेशी लांब मुदत दिली तर कोणाचेही भाकीत खरे ठरेल. म्हणून मुदत जितकी आखूड, तितके भाकीत मोलाचे.

जेथे गरज, तेथे किल्लारी

किल्लारीचे दुखणे नेमके उलटे आहे. दख्खनचा हा प्रदेश स्थिर भूखंडाचा भाग. येथे एकाच जागी मोठा भूकंप शतकानुशतके होत नाही. संकेत तपासायला आधीचा भूकंप नाही आणि पुढचा कधी होईल ते ठाऊक नाही. जेथे मॉडेल तपासता येते, तेथे लोक आधीच सावध आहेत. जेथे लोक बेसावध, तेथे मॉडेल तपासण्याची सोय नाही. ग्रीस वा जपानमधील मॉडेल उद्या शंभर टक्के सिद्ध झाले, तरी करकंब-किल्लारीच्या पट्ट्यात ते लागू पडते की नाही, हे पडताळायला आपल्याजवळ उदाहरणेच नसतील. ही कोंडी निधी वाढवून वा यंत्रे वाढवून फुटणारी नाही.

किल्लारीला पूर्वसूचना मिळालीच नव्हती, असेही नाही. १९९२ च्या उत्तरार्धात तेथे लहान धक्क्यांची मालिका सुरू होती. त्या ऑक्टोबरमध्ये चारच्या आसपासचा धक्काही बसला. लोक घाबरले, बाहेर झोपले; मग धक्के ओसरले आणि लोक घरात परतले. त्यानंतर सुमारे अकरा महिन्यांनी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने अधिकृत नोंदीनुसार ७,९२८ माणसांचा बळी घेतला. आता पालघरकडे पाहा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसरात हजारो धक्के बसले, चारपेक्षा मोठेही बसले, कुटुंबांनी तंबूंत रात्री काढल्या. पण किल्लारीसारखा उत्पात झाला नाही. दोन्ही ठिकाणची सुरुवात सारखीच होती. पालघरचे धक्के पाहून किल्लारीची आठवण काढणारा चूक नव्हता आणि १९९२ मध्ये किल्लारीत पालघरसारखेच निभावेल असे समजणाराही मूर्ख नव्हता. संकेत मिळणे आणि त्याचा अर्थ लागणे, यांत हे अंतर आहे. विजेचा संकेत याला अपवाद ठरण्याचे कारण नाही.

इशारा दिला तर पुढे काय?

समजा, करकंबच्या केंद्रावर संशयास्पद संकेत उमटला. व्हॅनच्या मापाने शंभर किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर त्यात सोलापूर, बार्शी, धाराशिव, बारामती, जत ही सारी येतात. इशाऱ्याची मुदत काही आठवड्यांची. त्याच काळात आषाढी एकादशी असेल, तर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरवरील पंढरपुरात लाखो वारकरी गोळा झालेले असतील. जिल्हाधिकाऱ्याने वारी थांबवावी काय? वारी थांबवली आणि भूकंप झाला नाही, तर पुढच्या इशाऱ्यावर कोण विश्वास ठेवील? थांबवली नाही आणि भूकंप झाला, तर दोष कोणाचा? इटलीतील लाक्विला येथे ६ एप्रिल २००९ च्या भूकंपात तीनशेहून अधिक माणसे दगावली. लोकांना चुकीचा दिलासा दिल्याच्या आरोपावरून सहा तज्ज्ञ आणि एक अधिकारी यांना २०१२ मध्ये शिक्षा ठोठावली गेली. २०१४ मध्ये ते सहाही तज्ज्ञ निर्दोष सुटले. चीनने फेब्रुवारी १९७५ मध्ये हाइचेंग शहर आधी रिकामे करून हजारोंचे प्राण वाचवले. पुढच्याच वर्षी, जुलै १९७६ मध्ये, तांगशानला तसा इशारा देता आला नाही आणि दोन लाख चाळीस हजारांहून अधिक माणसे गेली.

शास्त्रज्ञ बोलायला कचरतात आणि ती पोकळी बिनबुडाची भाकिते भरून काढतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपाचे भाकीत ग्रहस्थितीवरून केल्याचा एका डच हौशी अभ्यासकाचा दावा जगभर फिरला. भारताविषयीचे त्याचे बोलणेही आपल्याकडे मोबाइलवर पोहोचले. ‘व्हॅन’ कसोटीला उतरायला तयार झाली, आधी नोंदवून भाकिते केली, टीका सोसली. तिच्यात आणि अशा दाव्यांत हा फरक आहे. एवढा मान तिला दिलाच पाहिजे. याच गटाने पुढे ‘नैसर्गिक काल’ ही विश्लेषणाची नवी रीत मांडली. फ्रान्सच्या ‘डेमेटर’ उपग्रहाने २००४ ते २०१० या काळात आणि चीन-इटलीच्या उपग्रहाने २०१८ पासून अवकाशातून विद्युतचुंबकीय संकेत शोधण्याचा प्रयत्न केला. संशोधन थांबलेले नाही आणि थांबूही नये. पण संशोधन आणि सार्वजनिक इशारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विजेचा खरा उपयोग

जमिनीखालची वीज मग निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्या शास्त्रज्ञांनी तेथे मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षण केले. सूर्याच्या प्रभावाने जमिनीत आपोआप उमटणारे जे प्रवाह भाकीत करणाऱ्याला गोंगाट वाटतात, त्यांचाच या पद्धतीत दिव्यासारखा उपयोग करून खोलवरचा विद्युतरोध मोजतात. किल्लारीखाली सुमारे सात ते दहा किलोमीटर खोलीवर विजेचे सुवाहक क्षेत्र आढळले आणि तेथे द्रवपदार्थ असावेत, असे अनुमान निघाले. पाण्याने दुबळा केलेला खडक फुटला, असा त्याचा अर्थ. हे ज्ञान भूकंपानंतर मिळाले. पण भीमा आणि सीनेच्या खोऱ्यांत अशा दुबळ्या जागा आणखी कोठे दडल्या आहेत, याचा शोध आधीही घेता येईल. वीज ‘केव्हा’ हे सांगू शकत नसेल. ‘कोठे’ हे शोधायला ती मदत करू शकते. या उत्तराचा फायदा असा, की ते चुकीच्या वेळी सायरन वाजवत नाही.

इशाऱ्याच्या बाबतीतही विजेची मदत होते, ती निराळ्या प्रकारे. भूकंपाच्या प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावतात आणि विध्वंसक दुय्यम लहरी सुमारे साडेतीन किलोमीटर. तारेतला वा हवेतला संदेश मात्र क्षणार्धात पोहोचतो. किल्लारीसारखा धक्का पुन्हा बसला, तर करकंबला दुय्यम लहर यायला सुमारे अडतीस सेकंद लागतील. उत्तम यंत्रणा असल्यास त्यांतले वीसेक सेकंद हाती लागू शकतात. उत्तराखंडने २०२१ मध्ये असे मोबाइल अ‍ॅप आणले, तर अँड्रॉइड फोनवरील सूचना भारतात २०२३ पासून उपलब्ध आहेत. हे भाकीत नव्हे. भूकंप झाल्याची बातमी त्याच्या लाटेआधी पोहोचवणे होय. आणि ज्या गावाखालीच खडक फुटतो, त्याला हे सेकंदही मिळत नाहीत.

भिंतींचा प्रश्न

कोयना आणि किल्लारी हे दोन्ही भूकंप पहाटेच्या अंधारात झाले. माणसे झोपेत होती, घरात होती. किल्लारीत माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदावरील मातीचा भार अंगावर कोसळल्याने. ६.२ तीव्रतेचा भूकंप जपानमध्ये इतकी माणसे मारत नाही. अशी दगडमातीची घरे सोलापूर जिल्ह्याच्या जुन्या गावठाणांत आजही दिसतात. किल्लारीपूर्वी तो प्रदेश भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात गणला जात होता. २००२ मध्ये मानके बदलली, पहिला विभागच रद्द झाला आणि लातूर परिसराबरोबर सोलापूरचीही गणना तिसऱ्या विभागात होऊ लागली. कागदावरचा धोका वाढला. भिंती त्याच राहिल्या.

या भिंतींवरचे उपाय कोणत्याही मॉडेलपेक्षा अधिक खात्रीचे आहेत. भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारे आरपार दगड बसवणे, दारे-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा ओतणे, माळवदावरील अनावश्यक माती उतरवणे, लाकडी खांब-तुळयांचे सांधे पक्के करणे. भारतीय मानक ब्युरोची याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे १९९३ पासून उपलब्ध आहेत. नवीन घरकुलाला मंजुरी देताना काँक्रीटच्या पट्ट्याची तपासणी होते का, शाळेची आणि अंगणवाडीची जुनी इमारत कोणी पाहून गेले आहे का, हे प्रश्न ग्रामसभेत विचारण्याचे आहेत. त्यांसाठी भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही.

कोयनेच्या विवरांत विजेचे संकेत मोजले जावेत, त्यांची आकडेवारी सर्वांसाठी खुली असावी आणि प्रत्येक भाकीत, खरे ठरो वा खोटे, आधी नोंदवले जावे. चाळीस वर्षे रेंगाळलेल्या या वादाचा निकाल लावण्याची संधी महाराष्ट्राच्या भूमीत आहे. परंतु तो निकाल लागेपर्यंत करकंबच्या गावठाणातील घर थांबू शकत नाही. भूकंपाचा दिवस कळला, तरी भिंत तीच राहिली तर माणूस वाचेल, घर वाचणार नाही. भिंत पक्की केली, तर तो दिवस न कळताही दोन्ही वाचतील.